पाठीला पाठ लावून केलेलं गणित

मंजू,

तुझी उरलेली बाटली माझ्या पर्समध्ये आहे. रुमालात गुंडाळून, उभी, सांडू नये म्हणून डब्याला टेकवून ठेवलेली. तुझ्या आईनं काल ती माझ्याकडे दिली तेव्हा दोन बोटांत धरली होती, आत विंचू असल्यासारखी. मावशी म्हणाल्या, "घेऊन जा पोरी. घरात नको." मॉर्फिनचं सिरप उरलं तर ओतून टाकता येत नाही, हॉस्पिटलात परत द्यावं लागतं, दोघांनी मोजून. मावशींना मी हे समजावत बसले नाही. त्यांना ते फक्त नजरेसमोर नको होतं.

उद्या ड्यूटीच्या आधी मी ती फार्मसीत देणार आहे. त्याआधी तुझ्याशी बोलायचंय. बाटली हातातून गेली की हा विषय काढायला मला निमित्त राहणार नाही, आणि निमित्त नसलं की मी गप्प बसते, हे तुला माहीत आहे.

माणसं येऊन गेली. जो तो म्हणाला, किती हसतमुख होती. मी मान हलवली. तू हसतमुख नव्हतीस. तू भांडखोर होतीस आणि भांडताना तुझा चेहरा खुलायचा, त्याला लोक हसणं समजायचे.

आपलं पहिलं भांडण आठवतंय का? पहिल्या वर्षाचा वर्ग. आपण दोघीही मराठी मीडियमच्या, पुस्तक इंग्रजीत, आणि ट्यूटर मॅडमनी फळ्यावर सलाईनचं गणित लिहिलेलं. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायची आहे, एक मिलीला वीस थेंब, तर मिनिटाला किती थेंब? सूत्र मला तोंडपाठ होतं. माझ्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील गवंडी, आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. त्यामुळे मी वर्गात पहिला हात वर करायचा असं ठरवूनच आले होते. केला. उभी राहिले. म्हणाले, "तीनशे तेहतीस."

मागच्या बाकावरून तू बोललीस, "मॅडम, ही सलाईन आहे का गंगेचा पूर?"

वर्ग किती वेळ हसत होता. मॅडमही हसल्या. मी दिवसभर तुझ्याकडे पाहिलं नाही. मेसमध्ये तू ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसलीस.

"ए चांदवड, राग आला?"

"मला नाव आहे."

"असू दे. तू फक्त आठ तास विसरलीस. तासाभराचं गणित केलंस. बाकी बरोबर आहे."

"फक्त?"

"हां, फक्त. पण एक करत जा. उत्तर आलं की आधी बघ, एवढं माणसात मावेल का. नाय मावलं तर उत्तर चूक. मग सूत्र कुणाचं का असेना."

मी तुला "पेठ" म्हणायला लागले ते त्या दिवसापासून. पुढं सगळं हॉस्टेल आपल्याला गावांच्या नावानं ओळखायला लागलं. चांदवड नि पेठ. जिल्ह्याच्या दोन टोकांची दोन गावं, एकाच खोलीत.

तुझी गणिताची रीत मला आधी गावठी वाटली. खोटं कशाला सांगू, आपलं त्यावरचं भांडण तू गेलीस तरी मिटलेलं नाही. मी आकडे मांडायची, दशांश चिन्ह ठसठशीत काढायची, सूत्रात घालायची. तू डोळे मिटायचीस. आश्रमशाळेत एका गुरुजींनी तुमच्याकडून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे घोटून घेतलेले. दहा मिलिग्रॅमला पाच मिली, तर पंधराला किती, असं विचारलं की मी पेन शोधेपर्यंत तू म्हणायचीस, "दीडपट झालं. पाच दीड साडेसात." संपलं.

"परीक्षेत काय लिहिशील? पाच दीड साडेसात?"

"परीक्षेत लिहीन की तुझं सूत्र. पण पेशंटला देताना माझं."

"आणि बाहेरच्या देशात गेलीस नोकरीला तर?"

"का, तिथल्या लोकांत दीड नसतं?"

मग तू ते एक सांगितलंस, त्यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही. म्हणालीस, "तुझ्या साडेसातात एक टिंब आहे. ते पुसलं, विसरलं, कागदाला डाग पडला, की पंच्याहत्तर झाले. दहापट. माणूस मेला. माझ्या साडेसातात टिंबच नाय. तोंडानं म्हणताना साडेसातचे पंच्याहत्तर होतील कसे?"

मी म्हणाले होते, "तोंडाचा काय भरवसा." एवढंच सुचलं. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण मला पुढं याच गोष्टीवर यायचं आहे.

पाठीला पाठ लावायची पद्धतही तुझीच. जोखमीचं औषध असलं की दोघींनी हिशोब तपासायचा असा नियम सगळीकडे असतो. आणि सगळीकडे तो कसा पाळतात, तेही आपण बघितलेलं. एक म्हणते, "अडीच ना गं?" दुसरी चालता चालता म्हणते, "हो, अडीच." झाली तपासणी. प्रॅक्टिकलला मी तुला तसंच विचारलं तर तू भडकलीस. "तू कीर्तनकार नि मी टाळकरी का? तू म्हणायचं, मी री ओढायची? माझ्याकडे पाठ कर. मी तुझ्याकडे करते. दोघींनी आपापलं काढायचं. झालं की म्हणायचं, झालं. मग एकदम सांगायचं." आणि तू खरंच वळून माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिलीस, मापाच्या वेळी लहान पोरं उभी राहतात तशी. तुझं डोकं माझ्या खांद्याला लागायचं.

"झालं?"

"थांब. झालं."

"अडीच." "अडीच."

मुली हसायच्या. पुढं त्याही करायला लागल्या.

नोकरीला लागल्यावर तुझ्या वॉर्डातल्या सिनियर सिस्टरनी बाळाच्या इंजेक्शनचा आकडा तुला सांगून टाकला आणि म्हणाल्या, चल, हो म्हण. तू काय बोललीस ते पुढं हॉस्पिटलभर झालं. "मॅडम, मी तुमचं उत्तर ऐकलंय. आता माझं कामाचं राहिलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा." त्या म्हणाल्या, "डोंगरातून येतात नि इथं आम्हाला शिकवतात." तू हात मागं बांधून उभी राहिलीस. शेवटी त्यांनी दुसऱ्या वॉर्डातून मला बोलावलं. मी पाठ केली, काढलं. सिस्टरांचं उत्तर बरोबरच होतं. तुला वाटेल मी हे वाईट वाटून सांगतेय. उलट, त्यांचं बरोबर निघूनही तुझा चेहरा पडला नाही, त्याच दिवशी मला तुझा खरा हेवा वाटला. तुला कुणाची चूक काढायची नव्हती. बाळाला दोन माणसं मिळायला हवी होती, एवढंच.

मग तू स्वतः पेशंट झालीस.

कधी कळलं, काय-काय केलं, किती काढलं, किती उरलं, ते लिहीत नाही. तुझ्या फायलीत आहे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता दुखणं कमी ठेवायचं, बाकी काही नाही, आणि तू शहरातल्याच पेठ रोडच्या तुझ्या भाड्याच्या खोलीत आलीस. मावशी गावाहून नागलीचं पीठ घेऊन आल्या. मी ड्यूटी सुटली की यायची.

बाटलीवर लिहिलेलं होतं, पाच मिलीत दहा मिलिग्रॅम. तुला दर वेळी दहा. म्हणजे पाच मिली, यात गणित करायला काही नाही. पण पहिल्याच दिवशी मी सिरिंज भरली तर तू तोंड मिटून घेतलंस.

"पाठ कर."

"मंजू, पाच आहे. सरळ पाच."

"सांगितलंस ना? आता मी बाद. आईला बोलव."

"मावशींना काय येतंय यातलं?"

"मग उद्यापासून शिस्तीत कर."

दुसऱ्या दिवसापासून मी कॉटच्या कडेवर तुझ्याकडे पाठ करून बसायला लागले. तुला उठता येत नव्हतं, मग तू कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करायचीस. "झालं?" "झालं." "पाच." "पाच." मावशी दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ह्या दोघींचं काय हाय ते मला नाय कळत. भांडलेल्यासारख्या बसतात नि मग औषध पितात." तू हसलीस, दुखलं, तरी हसलीस.

मी नसताना मावशींकडून चूक होऊ नये म्हणून सिरिंजवर पाचच्या आकड्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारली होती. रंगही तूच निवडलास. मावशींना औषध आवडत नव्हतं. "ते दिलं का झोपते, बोलत नाय." तू त्यांना म्हणालीस, "आई, दुखत नाही म्हणून झोपते गं. दुखलं की बोलतेच, ते ऐकायचंय का तुला?" त्यावर त्या चुलीपुढून उठल्या नाहीत किती वेळ. गॅसलाही त्या चूलच म्हणायच्या.

मग पाच पुरेना झालं. त्या दुपारी तू उशीचा कोपरा दातात धरला होतास. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, दहाचे पंधरा करा.

तेच गणित, मंजू. पहिल्या वर्षाचं. दहाला पाच तर पंधराला किती. मी कागदावर मांडलंही नाही. पाठ करून बसले. मागं तुझा श्वास ऐकू येत होता, मोठा, अडखळत. बराच वेळ गेला.

"झालं?"

"झालं."

"साडेसात," मी म्हणाले.

तू म्हणालीस, "पंच्याहत्तर."

मी वळले नाही लगेच. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "परत सांग."

"पंच्याहत्तर." स्पष्ट.

मी वळले. तू भिंतीकडे नव्हतीस. माझ्याकडेच बघत होतीस. सिरिंज दहा मिलीची. पंच्याहत्तर द्यायचे तर ती सात वेळा भरून वर अर्धी. एवढं माणसात मावेल का, हे मला शिकवणारी तू. मी म्हणाले, "मंजू, पाच दीड किती?"

तू माझ्याकडे बघत राहिलीस, आणि मग म्हणालीस, "मग तुझं बरोबर असेल."

इतक्या वर्षांत हे वाक्य तू कधी बोलली नव्हतीस. कुणालाच नाही. उत्तरं जुळली नाहीत तर दोघींनी परत पहिल्यापासून करायचं, कुणी कुणाचं मान्य करायचं नाही, हा नियम तुझाच. मी म्हणाले, "परत करू." तू तोंड उघडलंस, लहान बाळासारखं. मी साडेसात दिलं.

मग मी उठले आणि बाटली कॉटजवळच्या स्टुलावरून उचलून वरच्या फळीवर ठेवली, पिठाच्या डब्यामागं. तू बघितलंस. तू बघितलंस हे मी बघितलं. आणि मी विचारलं, "पेज घेतेस का थोडी?" तू म्हणालीस, "मीठ कमी घाल." बोलायचं होतं ते असं पेजेत गेलं.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "या टप्प्यावर गोंधळ होतो पेशंटचा. बाटली हाताशी ठेवू नका." त्यांचंही बरोबर. त्याच सकाळी तू मला तुझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली होतीस. औषधानं, आजारानं डोकं भरकटतं, हे मी रोज बघते, लिहिते, नातेवाइकांना समजावते. पण डॉक्टरांना हे माहीत नव्हतं की तुझ्या साडेसातात टिंबच नसतं. माझ्यासारखीनं म्हटलं असतं तर टिंब घसरलं म्हणता आलं असतं. तुझं काय घसरलं?

म्हणजे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर ते पाढेही तुझ्यातून निघून गेले होते, आणि तू शेवटी माझ्यासारखे आकडे डोळ्यांपुढं आणून गणित करत होतीस, आंधळ्यासारखी चाचपडत. किंवा तुझं गणित पूर्ण बरोबर होतं आणि तू माझ्याकडे काही मागत होतीस. सरळ मागितलं असतंस तर मला सरळ नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून चुकीचं उत्तर दिलंस, की मला फक्त चूक दुरुस्त केल्यासारखं नाही म्हणता यावं. हे तुझ्यासारखंच आहे. बाळाच्या इंजेक्शनच्या वेळीही तू सिस्टरांना चूक म्हणाली नव्हतीस, मी बाद, एवढंच म्हणाली होतीस.

मला राग येतो, मंजू. मला एकटीला उत्तर देऊन गेलीस आणि तपासायला दुसरं कुणी नाही.

एक मात्र लिहून ठेवते, म्हणजे उगाच गोड बोलल्यासारखं होणार नाही. तू मागत असशील तरी मी तेवढंच दिलं असतं. आजही साडेसातच देईन. मी गवंड्याची मुलगी आहे. ओळंबा लावला की लावला, घरात कोण राहणार आहे ते बघून भिंत वाकडी बांधायची नसते. यावर तू भांडली असतीस. तू म्हणाली असतीस, "भिंतीला दुखत नाय, चांदवड." आणि तुला दुखत होतं. डोस वाढवला, डॉक्टर घरी येऊन गेले, आणखी एक औषध जोडलं. काही तास बरे गेले. काही नाही गेले. ते मावशींनी आणि मी ऐकलेत, आणि ते आम्ही एकमेकींतही बोलत नाही.

त्या दुपारनंतर तू कधी "पाठ कर" म्हणाली नाहीस. मीच करायची. रोज. नेलपॉलिश पुसून साडेसातवर नवी रेघ मारली होती, गणिताची गरजही नव्हती. तरी कॉटच्या कडेवर तुझ्याकडे पाठ करून बसायची, मनात म्हणायची, पाच दीड साडेसात. हो, तुझ्या रीतीनं. माझं सूत्र मला तिथं उपयोगी पडेना. मग विचारायची, "झालं?" आणि थांबायची. एकदा तुझा हात माझ्या पाठीला लागला. मुद्दाम लावलास की झोपेत, ते माहीत नाही. मी हलले नाही. औषधाची वेळ थोडी टळली त्या दिवशी. तेवढ्यापुरती माझी चूक धर.

शेवटच्या सकाळी मी बसले, विचारलं, थांबले. मावशी म्हणाल्या, "पोरी, वळ आता."

वरचं काल लिहिलं. आज सकाळी बाटली देऊन आले.

फार्मसीत नवीन फार्मासिस्ट होता, घाईत. त्यानं बाटलीतलं सिरप मापात ओतलं, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, हे बघा, साधारण—"

मी म्हणाले, "सांगू नका."

"म्हणजे?"

"मनात ठेवा. मी बघते. तुम्ही तिकडे वळा. मग दोघांनी एकदम सांगायचं."

तो माझ्याकडे बघायला लागला. मागं रांग होती. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो वळा ना, काय जातंय तुमचं." तो कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. मी मापाच्या उंचीला डोळे आणले, तू शिकवलंस तसं, वरून नाही, समोरून. त्या मापात तू न घेतलेलं औषध होतं. तुझं उत्तर आणि माझं उत्तर, यांच्यामधलं जे काही होतं ते सगळं तिथं होतं, गुलाबी, चिकट, कुणाच्याच उपयोगाचं नाही.

मग मीही वळले. काउंटर मध्ये होतं, पाठ कुणाला लागली नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, सिस्टर."

दोघांनी एकदम सांगितलं. जुळलं. त्यानं सही केली, मी सही केली, मागची बाई पुढं आली.

वॉर्डात जायला उशीर होत होता. जिन्यावर मी थोडी थांबले, आणि तुला विचारलं. परत एकदाच विचारलं, मोठ्यानं नाही. पाच दीड किती?